चोचवाल्या शिंपल्याची कुळकथा

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून गेल्या, शेताच्या बांधाशी किंवा गावाबाहेरच्या डबक्यात पाणी साठले, की पंधरवड्याने त्यातले पेलाभर पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडाकडे धरावे. तिळाएवढे, कधी तिळाहूनही बारीक, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे काही जीव त्यात तुरूतुरू पळताना दिसतील. भांड्याला टिचकी मारली, की हे दाणे आपली दोन्ही झाकणे मिटून घेतात आणि वाळूच्या कणासारखे तळाशी जाऊन बसतात. थोडा वेळ गेला, की झाकणे किलकिली होतात, आतून केसाळ पाय बाहेर येतात आणि पुन्हा पळापळ सुरू होते. ह्या जीवाला मराठीत रुळलेले नाव नाही. तो खाता येत नाही आणि चावतही नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. शास्त्रज्ञ त्याला ऑस्ट्रॅकॉड म्हणतात, आणि दुसरा शब्द नसल्यामुळे आम्हीही आज तोच वापरणार आहोत.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात नागपुरास स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश पाद्री राहत असत. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर आसपासच्या माळांवर दगड फोडीत हिंडत. नागपूरजवळच्या टाकळी येथे, काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या एका पातळ थरात त्यांना गोगलगाई, झाडांची फळे, किड्यांचे पंख आणि त्यांच्या जोडीला हे घेवड्याचे दाणे दगड झालेल्या स्थितीत सापडले. हे दगड लंडनला गेले, आणि त्यांतल्या ऑस्ट्रॅकॉडांवर रूपर्ट जोन्स ह्या विद्वानाने १८६० साली एक टिपण प्रसिद्ध केले. हिस्लॉप नुसते दगड पाठवून थांबले नाहीत. नागपूरच्या पाण्यातले जिवंत कवचधारी प्राणीही त्यांनी विलायतेला धाडले, आणि त्यांचे वर्णन बेअर्ड ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ साली केले. पुढे असे झाले, की दगडातल्या एका जातीला आणि आपल्या भातखाचरांत आजही पोहणाऱ्या एका जातीला ग्रंथांतून एकच नाव चालू राहिले: सिप्रिस सबग्लोबोझा. दगडातला प्राणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्यातला ह्या वर्षीच्या पावसातला. दोघांचे नाव एक, म्हणून प्राणीही एकच, असे म्हणायचे काय?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या उत्तरावर आपली भूमी त्या काळी कोठे होती, एकटी होती की आशियाला लागून होती, ह्यासंबंधीचे एक मत उभे राहते आणि एक पडते. पण ते उत्तर समजण्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल. ज्या वंशावर ह्या शास्त्राने आपली बहुतेक अक्कल आणि बऱ्याचशा चुकाही खर्ची घातल्या, तो वंश इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रथम ओळखला गेला. त्याचे नाव सिप्रिडिआ. आज तो पृथ्वीवर कोठेही नाही. आजच्या व्याख्यानाचा नायक तोच आहे. टाकळीकडे आपण शेवटी परत येऊ.

प्रथम प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. ऑस्ट्रॅकॉड शिंपल्यासारखा दिसत असला तरी त्याचे गोत्र कोळंबी-खेकड्यांचे. अंगाभोवती चुन्याची डबी, तिला डावी आणि उजवी अशा दोन शिंपा, वरच्या कडेला बिजागरी, आणि शिंपा मिटण्यासाठी मध्यभागी स्नायूंचा एक झुबका. खेकड्याप्रमाणे हाही कात टाकीत वाढतो. गोड्या पाण्यातल्या पुष्कळशा जाती अंड्यातून निघाल्यापासून आठ वेळा कात टाकतात, आणि प्रत्येक वेळी जुनी डबी टाकून नवी, मोठी डबी घडवतात. म्हणजे एक प्राणी आयुष्यात एकूण नऊ डब्या वापरतो, आणि त्या सगळ्या तळच्या गाळात पडतात. पाय, मिशा, डोळा हे सारे कुजून जाते, चुना राहतो. म्हणून भूशास्त्रज्ञाच्या हाती प्राणी कधी येत नाही, त्याचे अंगरखे तेवढे येतात, तेही लहानपणापासूनचे सगळे एकत्र मिसळलेले.

ते मिळवण्याची रीत मात्र अगदी घरगुती आहे. मऊ मातीचा दगड वाळवून पाण्यात भिजत घालतात, त्याचा चिखल झाला की बारीक चाळणीवर धुतात, राहिलेला चोथा वाळवतात, आणि काळ्या ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक शिंप उचलतात. तांदूळ निवडण्याची ज्याला सवय आहे त्याला हे काम जमावे. चांगला दगड असेल तर मूठभर मातीत शेकड्यांनी शिंपा मिळतात. इतक्या लहान जिवाला भूशास्त्रात इतके महत्त्व का आले ते ह्यावरून लक्षात येईल. डायनासोरचे हाड सापडणे हा भाग्ययोग. शिवाय जमिनीत खोल भोक पाडून वर काढलेल्या मनगटाएवढ्या जाड दगडी गाभ्यात डायनासोर मावणारही नाही. ऑस्ट्रॅकॉड त्यात हजारांनी मावतात.

आता सिप्रिडिआ. १८३६ साली फिटन ह्या भूशास्त्रज्ञाने दक्षिण इंग्लंडच्या खडकांवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या जीवाश्मांना नावे देण्याचे काम जेम्स डी कार्ल सोअर्बी ह्यांनी केले होते. तेथल्या गोड्या पाण्याच्या थरांतल्या दाण्यांना सोअर्बींनी सिप्रिस ह्या जिवंत प्राण्यांच्या वंशात घातले. एकीच्या अंगावर बारीक कण होते, ती सिप्रिस ग्रॅन्युलोझा. दुसरीच्या अंगावर गाठी होत्या, ती सिप्रिस ट्युबर्क्युलाटा. त्या काळी गोड्या पाण्यातला, गुळगुळीत बिजागरीचा जो दाणा दिसेल तो सिप्रिसच्या खात्यावर मांडण्याची पद्धत होती. सोअर्बींना दोष देण्याचे कारण नाही. खाती उघडलीच नव्हती तेव्हा जमा करणार कोठे?

१८५२ साली बॉस्के ह्या संशोधकाने खाते वेगळे केले. ह्या इंग्लिश दाण्यांना पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एक आखूड चोच असते. पोपटाच्या चोचीसारखी ती खाली वळलेली, आणि तिच्या मागे एक खाच. जिवंत सिप्रिसला अशी चोच नाही. कित्येक जातींत मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातही एक लहानसा पदर सुटलेला असतो. चोच आणि खाच ही खूण धरून बॉस्केने सिप्रिडिआ हा नवा वंश मांडला, आणि सोअर्बींची ग्रॅन्युलोझा ही आता त्या वंशाची आदर्श जाती समजली जाते. शिंपेच्या आतल्या बाजूला मिटण्याच्या स्नायूंचे डाग उमटलेले असतात. त्या डागांची ठेवण पाहिली तर हा वंश सिप्रिसच्या विस्तृत गोतावळ्यातलाच, पण वेगळ्या कुलातला, हे पटते. चोच कशासाठी होती ह्याविषयी एक तर्क असा आहे, की पोहण्याच्या मिशांचे लांब केस शिंपा जवळजवळ मिटलेल्या असतानाही त्या खाचेतून बाहेर काढता येत असावेत. तर्क सुबक आहे; पण मिशा कोणी पाहिलेल्या नाहीत.

ह्या दाण्यांचा उपयोग नामकरणाच्याही आधी सुरू झाला होता. डॉर्सेट परगण्यात स्वॉनेज गावाजवळच्या कड्यांमध्ये पर्बेक नावाचे थर उघडे पडले आहेत. सॉल्झबरीच्या प्रसिद्ध प्रार्थनामंदिरातले काळसर खांब ज्या गोगलगाईंनी भरलेल्या दगडाचे आहेत, तो पर्बेकचाच. एडवर्ड फोर्ब्झ ह्यांनी १८५० साली ह्या थरांचा क्रम मांडताना दाखवून दिले, की तळच्या, मधल्या आणि वरच्या पर्बेकमध्ये गोगलगाई पुष्कळशा सारख्याच असल्या तरी ऑस्ट्रॅकॉडांच्या जाती वेगळ्या आहेत. गोगलगाय जे सांगू शकत नव्हती ते हा तिळाएवढा प्राणी सांगू लागला. टाकळीच्या दगडांवर टिपण लिहिणाऱ्या त्याच रूपर्ट जोन्स ह्यांनी १८८५ मध्ये पर्बेकच्या ऑस्ट्रॅकॉडांवर निबंध लिहिला. एकच माणूस, एकच भिंग, आणि मध्ये पंचवीस वर्षे.

विसाव्या शतकात विंधणांचे युग आले आणि सिप्रिडिआचा भाव वाढला. वायव्य जर्मनीत तेलाच्या शोधात पाडलेल्या भोकांतून मार्टिन ह्यांनी १९४० साली आणि वोल्बुर्ग ह्यांनी १९५९ साली हे प्राणी निवडून थरांचे क्रम लावले. ज्या चीनमधल्या दाचिंग तेलक्षेत्राचा शोध १९५९ मध्ये लागला, त्या सुंगल्याव खोऱ्यातल्या क्रिटेशस काळच्या सरोवरी थरांचे वर्गीकरणही पुष्कळसे सिप्रिडिआच्या जातींवर उभे आहे. प्रत्येक नवे भोक म्हणजे नव्या शिंपा, आणि प्रत्येक नवी शिंप म्हणजे नवी जाती, असा क्रम पडला. एकीची डावी शिंप मोठी, उजवी लहान; दुसरीची उलट. झाला वेगळा उपवंश, उल्वेलिआ. तिसरीची चोच जेमतेम दिसते. झाला आणखी एक, स्यूडोसिप्रिडिना. एकीला सहा गाठी, दुसरीला आठ, दोन जाती. जातींची संख्या शेकड्यांवर गेली.

आमचे स्पष्ट मत असे, की ह्या उत्साहात प्राण्याचा विसर पडला. शिंपेचा आकार तीन गोष्टींनी बदलू शकतो. तो वंशपरंपरेने बदलतो. नावे द्यायची ती ह्या बदलाला. तो वयाने आणि लिंगाने बदलतो. पोराची डबी बापाच्या डबीसारखी नसते, आणि नरमादीच्या शिंपा पुष्कळ जातींत वेगळ्या ठेवणीच्या असतात. आणि तिसरे म्हणजे तो पाण्याने बदलतो. ह्या तिसऱ्या गोष्टीकडे आता वळतो, कारण सगळी मेख तेथे आहे.

युरोपच्या खाड्यांतून आणि मचूळ तळ्यांतून सिप्रिडाइस टोरोसा नावाचा एक ऑस्ट्रॅकॉड आजही राहतो. (सिप्रिडिआ आणि सिप्रिडाइस ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण दोघांचा जवळचा संबंध नाही. नावे ठेवणाऱ्यांनी पुढच्यांची थोडी दया करायला हवी होती.) समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात ह्याची शिंप गुळगुळीत असते. समुद्रात हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात; हे प्रमाण सातांच्या खाली उतरले, की ह्याच प्राण्याच्या शिंपेवर गाठी उठू लागतात. पूर्वी ह्या दोन रूपांना दोन वेगळ्या नावांनी ओळखत. पुढे कारण उमगले. कात टाकल्यावर नवी शिंप काही काळ मऊ असते. बाहेरचे पाणी फार गोडे असेल तर अंगातला क्षारांचा तोल सांभाळताना प्राण्याची ओढाताण होते, मऊ कातडी ठराविक जागी फुगते, आणि त्याच फुगवट्यावर चुना बसून गाठ कायमची होते. पाण्यात चुना किती आहे ह्यावरही ते अवलंबून असते. म्हणजे ही गाठ आईबापांकडून आलेली नाही, ती पाण्याकडून आलेली आहे. पाणी बदलले तर पुढच्या डबीवर ती नसेलही.

आता सोअर्बींच्या गाठीवाल्या ट्युबर्क्युलाटाकडे पाहा. तिच्या आणि तिच्यासारख्या पन्नास जातींच्या गाठी कोणत्या जमाखर्चात मांडायच्या? सगळ्याच गाठी पाण्याने आणलेल्या, असे म्हणणेही उतावळेपणाचे होईल. काही जातींत कणांची आणि काट्यांची मांडणी थरामागून थर तशीच राहते, आणि ती वंशाची खूण मानण्यास हरकत दिसत नाही. परंतु ज्या मोठ्या पोकळ गाठी एका शिंपेवर आहेत आणि शेजारच्या तशाच शिंपेवर नाहीत, ज्या कधी डावीवर जास्त आणि उजवीवर कमी आहेत, त्यांच्यावरून जात ठरवणे धोक्याचे. ऑस्ट्रियातील बेंजामिन सामेस ह्यांनी २०११ साली अमेरिका आणि युरोपातील सिप्रिडिआ पुन्हा तपासताना हीच सावधगिरी बाळगली आहे. कोणती शिंप मोठी, डावी की उजवी, ह्याही खुणेला पूर्वीइतका मान आता राहिलेला नाही. जातींची यादी त्यामुळे आखूड होत चालली आहे. ह्यात नुकसानही आहे. ज्या दोन जातींच्या भरवशावर एका विंधणातला थर दुसऱ्या विंधणातल्या थराशी जुळवला होता, त्या दोन जाती एकच निघाल्या, तर ती जुळणी गेली. उलट, गाठ हीच पाण्याच्या गोडेपणाची निशाणी ठरली, तर काल वेळ सांगणारा पुरावा आज पाण्याची चव सांगू लागतो.

त्या पाण्याविषयी इंग्लंडातच एक मोठा वाद झाला. ब्रिटिश भूसर्वेक्षणातल्या एफ. डब्ल्यू. अँडरसन ह्यांनी सबंध आयुष्य पर्बेक आणि त्यावरच्या वील्डन थरांतले ऑस्ट्रॅकॉड मोजण्यात घालवले. त्यांच्या ध्यानात आले, की काही पातळ्यांत सिप्रिडिआच सिप्रिडिआ भरलेले असतात. थोडे वर गेले, की ते ओसरतात आणि इतर वंश पुढे येतात. आणखी वर गेले, की पुन्हा सिप्रिडिआ. हा झोका पुनःपुन्हा येतो. सिप्रिडिआ म्हणजे गोडे पाणी, इतर म्हणजे खारे पाणी, अशी त्यांनी जोडी बसवली आणि ह्या झोक्यांना चक्रे मानून डॉर्सेटपासून केंट-ससेक्सच्या विंधणांपर्यंत एकेक चक्र जुळवत नेले. बॅझली ह्यांच्यासह त्यांनी १९७१ साली हे सारे प्रसिद्ध केले. काम अफाट, चिकाटी विलक्षण. पण पुढच्या अभ्यासकांनी विचारले, की पाण्यात बदलणारी गोष्ट एक क्षारताच आहे काय? एक तळे बारमाही असते, दुसरे मार्गशीर्षातच आटते. एकात चुना जास्त, दुसऱ्यात सोडा जास्त. एकाचा गाळ शिंपा जपतो, दुसऱ्याचा विरघळवतो. आपल्याकडे शेततळे आणि नदीचा डोह दोन्ही गोडेच, पण दोहोंतली वस्ती एक नसते. सिप्रिडिआ कमी झाले म्हणजे समुद्र आत आला, असे प्रत्येक वेळी मानता येणार नाही.

तरी सिप्रिडिआचे मुख्य घर गोडे, फार तर किंचित मचूळ पाणी हे होते, ह्याबद्दल मतभेद नाही. त्यांच्या सोबतीला गोड्या पाण्यातल्या गोगलगाई असतात, कॅरा नावाच्या पाणशेवाळाची मोहरीएवढी फळे असतात. आणि तरीसुद्धा हा तळ्यांतला प्राणी युरोपात आहे, चीन-मंगोलियात आहे, आफ्रिकेत आहे, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहे. समुद्रातून त्याला जाता येत नाही. मग तो पोचला कसा?

ह्याचे उत्तर त्याच्या जिवंत नातलगांकडे आहे. नॉर्वेचे सार्स हे प्राणिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल मागवीत. महिनोन् महिने प्रवास केलेली ती ढेकळे ते घरच्या भांड्यात पाण्यात घालीत, आणि काही दिवसांत त्यातून ऑस्ट्रॅकॉड पोहू लागत. अशा रीतीने उगवलेल्या प्राण्यांचे वर्णन त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केले आहे. सिप्रिसच्या गोतावळ्यातली अंडी वाळली तरी मरत नाहीत, गोठली तरी मरत नाहीत. वाऱ्याबरोबर धुळीतून जातात, पाखरांच्या पायांच्या चिखलातून जातात. आपल्या उन्हाळ्यात भेगा पडलेल्या तळ्यात पहिल्या पावसानंतर हे जीव कोठून येतात त्याचेही उत्तर हेच. शिवाय ह्यांच्या कित्येक जातींत मादी नरावाचून प्रजा निर्माण करते. एक अंडे नव्या तळ्यात पडले, की वसाहत झाली. लग्नाला दुसरे कोणी मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. सिप्रिडिआच्या काळी तळ्यांत डार्विन्युला आणि थेरिओसिनीकम अशी जुनी कुळेही होती. त्यांच्या जिवंत नातलगांची तऱ्हा उलटी आहे. ती आपली अंडी आणि पोरे डबीतच सांभाळतात. तळे आटले, की आईबरोबर पोरांचाही खेळ संपण्याची भीती. सिप्रिडिआच्या भरभराटीचे कारण हॉर्न, मार्टेन्स, व्हॉट्ली ह्या अभ्यासकांनी ह्या वाळक्या अंड्यांत शोधले आहे, आणि ते आम्हाला सयुक्तिक वाटते.

मात्र नराविना प्रजा चालत असली, तरी नर अजिबात नव्हते असे नाही. २०२० साली ब्रह्मदेशातल्या काचिन भागात मिळालेल्या अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, अडकलेले सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रॅकॉड प्रसिद्ध झाले. ते सिप्रिडिआ नव्हेत, पण त्याच मोठ्या गोतावळ्यातले. त्यांच्या मादीच्या पोटात नराचे शुक्रजंतू जसेच्या तसे सापडले, आणि त्यांची लांबी त्या प्राण्याच्या अंगाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी होती. आजच्या त्यांच्या नातलगांतही असेच अवाढव्य शुक्रजंतू असतात. दहा कोटी वर्षे ही रीत बदललेली नाही. ज्यांचे पाय आणि मिशा कोणालाच दिसणार नाहीत असे आपण म्हणत होतो, त्यांच्या भाऊबंदांविषयी एवढी खासगी माहिती मिळावी, हे नवल आहे खरे.

वाळक्या अंड्यांमुळे एक नवी पंचाईत उभी राहते. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि ब्राझीलचा पूर्व किनारा पूर्वी चिकटलेले होते, ह्याच्या पुराव्यांत ऑस्ट्रॅकॉडांचाही वाटा आहे. ग्रेकॉफ आणि क्रोमेलबाइन ह्यांनी १९६७ साली गॅबॉनमधले कोकोबीच थर आणि ब्राझीलमधले बाहिआचे थर शेजारी शेजारी ठेवून, दोन्हीकडे गोड्या पाण्यातल्या त्याच त्या ऑस्ट्रॅकॉडांची रांग असल्याचे दाखवले. पण अंडी वाऱ्यावर जात असतील तर दोन्ही तीरांवर एकच जाती सापडली म्हणून भूमी एक होती असे कसे म्हणावे? एका जातीपुरते म्हणता येणार नाही, हे कबूल. मात्र सबंध समुदाय, त्यात पोरे पोटाशी धरणारी कुळेही, आणि तो समुदाय दोन्हीकडे त्याच क्रमाने एकावर एक, असे असेल तर ते वाऱ्याचे काम नव्हे. वारा एखादे पाकीट पोचवील. तो सगळा गाव उचलून नेत नाही.

हे सारे पदरात घेऊन आता टाकळीला परत येऊ.

ज्या सोअर्बींनी १८३६ साली इंग्लंडच्या चोचवाल्या दाण्यांना सिप्रिस म्हटले, त्यांनीच चार वर्षांनी, १८४० साली, माल्कमसन ह्यांनी दख्खनच्या पठाराच्या पूर्वभागातून नेलेल्या दगडांतल्या दोन दाण्यांनाही सिप्रिस म्हटले. गोल गरगरीत होता तो सबग्लोबोझा, लांबट नळीसारखा तो सिलिंड्रिका. टाकळीच्या दगडांतही जोन्स ह्यांना ही दोन्ही ओळखू आली. शिवाय नव्या जातींना त्यांनी हिस्लॉप आणि हंटर ह्यांची नावे दिली. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहत असे. दोन पुरांच्या मधल्या अवकाशात त्याच्या पाठीवर तळी साचत, त्यांत शेवाळ, गोगलगाई, बेडूक आणि हे दाणे वस्ती करीत, आणि पुढचा लोंढा येऊन सगळ्यांवर झाकण घाली. आपल्या पायांखालच्या काळ्या पाषाणात असे कित्येक थर मिटलेले आहेत.

इंग्लंडातले दाणे सिप्रिसच्या खात्यातून १८५२ सालीच बाहेर पडले. दख्खनचे मात्र शंभरावर वर्षे तेथेच राहिले. १९८० नंतर आपल्याकडच्या संशोधकांनी त्यांची नव्याने तपासणी सुरू केली. त्यात चंडीगडचे एस. बी. भाटिया ह्यांचा भाग मोठा. तेव्हा सिलिंड्रिकाला मंगोलियानेला ह्या वंशात नेण्यात आले. नावच सांगते की हा वंश मंगोलिया-चीनच्या क्रिटेशस थरांतला. आणखीही काही दाण्यांना त्या भागातली नावे मिळाली. त्याचे दोन अर्थ झाले. एक, दख्खनचे हे थर डायनासोरांच्या अखेरच्या काळातले. ही गोष्ट इतर पुराव्यांनीही पुष्कळ ठिकाणी खरी ठरली. दुसरा अर्थ असा, की भारताची भूमी त्या वेळी आशियाच्या इतकी जवळ होती, की तळ्यांतले प्राणी ये-जा करू शकत.

त्यानंतर वेल्समधील ॲबरिस्टविथचे रॉबिन व्हॉट्ली आणि आपले सुनील बाजपाई ह्यांनी टाकळीसह दख्खनच्या अनेक ठिकाणांचे दाणे पुन्हा ताटलीत घेतले. २००० सालापासून त्यांचे निबंध येऊ लागले, आणि निष्कर्ष अगदी उलटा निघाला. चीन-मंगोलियाशी दिसणारे साम्य वरवरचे आहे. लांबट नळीसारखी शिंप अनेक कुळांत वेगवेगळी घडू शकते. त्यांनी सिलिंड्रिकाला स्टेनोसिप्रिस वंशात घातले. सबग्लोबोझाला त्यांनी पॅरासिप्रेटा वंशात नेले. जोन्स ह्यांच्या यादीतली स्ट्रँग्युलाटा गोम्फोसिथेरी ठरली. ह्या वंशाचे आजचे मोठे घर आफ्रिकेतली सरोवरे, आणि त्याच्या माद्या पोरे डबीत सांभाळणाऱ्यांतल्या. जातींपैकी फार मोठा भाग तर भारताबाहेर कोठेच नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे लाव्हा वाहत होता तेव्हा भारत समुद्रात सुटलेले बेट होता, आणि त्याच्या तळ्यांतले प्राणी आपापले वेगळे होत होते. त्यांच्या पुढच्या एका निबंधात ह्या वंशांपैकी काही भारत आशियाला भिडल्यावर येथून बाहेर पसरले असावेत, अशीही कल्पना आहे.

एक लांबट दाणा, पाऊण शेराच्या डब्यात लाखांनी मावेल एवढा. सिप्रिस म्हणून तो काहीच सांगत नव्हता. मंगोलियानेला म्हणून त्याने भारताला आशियाशी जोडले. स्टेनोसिप्रिस म्हणून त्याने ती जोडणी सोडवली. दगड तोच होता. वाळक्या अंड्यांचा मुद्दा येथेही येतो. अंडी वाऱ्यावर जाणारी कुळे भारतात असूनही बाहेरच्या जाती येथे इतक्या कमी दिसतात, ह्यावरून आसपास पुष्कळ रुंद समुद्र असला पाहिजे, असा विचार मनात येतो. आणि जी कुळे पोरे पोटाशी धरतात त्यांचे पूर्वज भारत आफ्रिकेजवळून सुटला तेव्हापासूनच ह्या भूमीवर असावेत.

राहता राहिला आपला डबक्यातला प्राणी. दगडातली सबग्लोबोझा पॅरासिप्रेटा ठरली असेल, तर ज्या जिवंत प्राण्याला आपण इतकी वर्षे त्याच नावाने ओळखत आलो तो ती जाती नव्हे; तो सिप्रिस आहे, वेगळ्या वंशातला आहे. शास्त्राच्या नियमाप्रमाणे नाव दगडाचे, कारण ते १८४० साली दगडालाच दिले होते. तेव्हा भातखाचरातल्या ह्या जिवाला ते सोडावे लागते आणि दुसरे धारण करावे लागते. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ पाण्यात बुडून वारले. त्यांनी पाठवलेल्या बाटल्यांतला प्राणी आणि दगडांतला प्राणी ह्यांची फारकत होण्यास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. गोलाई दोघांचीही सारखी आहे. फरक शिंपेच्या आतल्या कडेच्या बारकाव्यांत असतो, आणि तो पाहण्यासाठी दोन्ही शिंपा उघड्या, स्वच्छ, आतली बाजू वर करून मिळाव्या लागतात. टाकळीच्या कठीण गारगोटीत तशी शिंप सहजी सुटत नाही.